पाखडून झालं, आता निवडायचं

बालरुग्ण विभागात दोन खाटा शेजारीशेजारी आहेत. दोन्हींवर दीड-दोन वर्षांची मुलं, दोघांनाही न्यूमोनिया, दोघांनाही प्राणवायूची नळी. एकाची आई पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढते. घडी पडून मऊ झालेलं, पण प्रत्येक चौकटीत तारीख भरलेली. ती डॉक्टरांना विचारते, "सगळ्या सुया टोचल्या हो, एकही चुकवली नाही. मग माझ्याच बाळाला का झालं?" दुसऱ्या खाटेवरच्या मुलाच्या कार्डावर अर्ध्या चौकटी रिकाम्या आहेत. त्याची आई काही विचारत नाही, पण शेजारचं कार्ड पाहून तिच्या मनात एक हिशोब सुरू झालेला असतो: लस घेतली तरी होतंच ना?

दोन्ही आयांना नीट उत्तर मिळायला हवं. पहिलीला न मिळालं तर ती स्वतःला दोष देत राहते. दुसरीला न मिळालं तर पुढच्या बाळाची लस हुकते.

उत्तराची सुरुवात स्वयंपाकघरातून करू. गिरणीतून आलेला तांदूळ आधी सुपात पाखडतात. कोंडा, तूस, फोलपटं एका झटक्यात उडून जातात. पण पाखडून झालं की काम संपत नाही. उरलेल्या तांदळात खडे असतात, ते बोटांनी एकेक निवडावे लागतात. खडे आधीही होतेच, पण कोंड्याच्या ढिगात दिसत नव्हते. लस म्हणजे पाखडणं आहे. ती आली की आजाराचा मोठा ढीग उडून जातो आणि उरलेले खडे, म्हणजे काही मुलांना विशेष धोका का असतो याची कारणं, स्पष्ट दिसू लागतात. हा लेख त्या खड्यांबद्दल आहे. त्यासाठी न्यूमोकॉकस हा जिवाणू आणि त्याच्यावरची 'पीसीव्ही' ही लस यांचं उदाहरण घेऊ.

नाकात राहणारा भाडेकरू

1881 साली दोन देशांत दोन माणसांना हा जिवाणू स्वतंत्रपणे सापडला. फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत लष्करी डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग. दोघांनी माणसाची लाळ सशांना टोचली होती, आणि ससे मेले. स्टर्नबर्गनी वापरलेली लाळ त्यांची स्वतःची होती, आणि ते स्वतः ठणठणीत होते. या जंतूचा सगळा स्वभाव त्या प्रयोगात आहे. तो निरोगी माणसाच्या नाकाघशात मुक्काम करतो आणि बहुतेक वेळा काहीच करत नाही.

लहान मुलांच्या नाकात तर तो फार सहज वस्ती करतो. भारतासारख्या देशांत अनेक बाळांच्या नाकात तो पहिल्या काही महिन्यांतच पोहोचतो. शेंबडातून, शिंकेतून, हातांवरून तो ताईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आजोबांकडे जातो. गुमान राहणाऱ्या भाडेकरूसारखा काही आठवडे राहतो आणि निघून जातो.

गोष्ट बिघडते ती भाडेकरू खोली सोडून आतल्या घरात शिरला की. कानात उतरला तर कान फुटतो. फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया. रक्तात शिरला तर सर्वांगात विषबाधा. रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत गेला तर मेंदूज्वर, ज्यातून वाचलेल्या काही मुलांना कायमचा बहिरेपणा येतो. म्हणजे प्रश्न "जंतू आला का?" एवढाच नसतो. तो जवळपास प्रत्येकाकडे कधी ना कधी येतोच. खरा प्रश्न असा, की आतलं दार कोणत्या मुलाचं आणि कशामुळे उघडं राहिलं?

'क कमळाचा': लस बाळाला कशी शिकवते

या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं एक गुळगुळीत कवच असतं. आपल्या पांढऱ्या पेशींना तो त्यामुळे धरता येत नाही, बुळबुळीत मासा हातातून निसटावा तसा निसटतो. कवचावर नेमक्या बसणाऱ्या प्रतिपिंडांची पकड मिळाली तरच पेशी त्याला गिळतात. पण हे कवच एका प्रकारचं नाही. शंभराहून अधिक प्रकार माहीत आहेत आणि एका कवचाची ओळख दुसऱ्याला बहुधा उपयोगी पडत नाही.

मोठ्या माणसाचं शरीर नुसत्या साखरेचं कवच पाहूनही प्रतिपिंडं बनवू शकतं. म्हणून नुसत्या कवचाची लस मोठ्यांसाठी आधी आली. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मात्र ते जमत नाही. त्याची प्रतिकारशक्ती साखरेकडे पाहते आणि काही शिकत नाही. सर्वात जास्त धोका ज्यांना, नेमकी त्यांनाच ती लस निरुपयोगी.

वाट सापडली ती जोडणीतून. पहिलीच्या मुलाला नुसता 'क' दाखवला तर ती एक वेडीवाकडी रेघ असते. शेजारी कमळाचं चित्र काढून 'क कमळाचा' म्हटलं की अक्षर डोक्यात बसतं, आणि पुढे कमळ नसलं तरी 'क' ओळखता येतो. लसीतही तसंच केलं आहे. साखरेच्या तुकड्याला एक प्रथिन जोडलं. प्रथिन बाळाच्या शरीराला ओळखता येतं. त्याच्याबरोबर आलेली साखरही ते शिकतं आणि लक्षात ठेवतं. जोडणीची ही कल्पना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी 1930 च्या आसपासच सशांवर सिद्ध केली होती. बाळांच्या मांडीपर्यंत पोहोचायला तिला अर्धशतकाहून जास्त काळ लागला. अशा लसीला संयुग्म लस म्हणतात. 'पीसीव्ही' हे न्यूमोकॉकसच्या संयुग्म लसीचंच छोटं नाव.

या लसीचा आणखी एक गुण आहे. ती नाकातल्या वस्तीलाही आळा घालते. त्यामुळे लस घेतलेलं मूल इतरांना जंतू कमी देतं.

पाखडल्यावर किती उडालं?

अमेरिकेत सात प्रकारांवरची पहिली संयुग्म लस 2000 साली आली. त्याआधी पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला सुमारे 100 जणांना या जंतूचा रक्तापर्यंत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेला गंभीर आजार होत असे. 2010 साली तेरा प्रकारांची लस आली आणि पुढच्या काही वर्षांत हा आकडा 10 च्याही खाली गेला. लस बाळांना दिली होती, पण आजीआजोबांमधला आजारही कमी झाला, कारण त्यांना जंतू मिळत होता तो बऱ्याचदा नातवंडांकडून.

भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली. सुरुवात हिमाचल प्रदेश आणि बिहार, उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत झाली, आणि 2021 मध्ये ती देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांवरची, तुलनेने स्वस्त 'न्यूमोसिल' लस तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने तिला 2019 च्या अखेरीस मान्यता दिली. लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या मांडीत पेंटा आणि उजव्या मांडीत टोचली जाते ती ही पीसीव्ही.

टक्क्यांचा चकवा

आता दुसऱ्या आईच्या मनातल्या हिशोबाकडे येऊ. एक काल्पनिक गाव घ्या. गावात 1000 बाळं. त्यातल्या 900 जणांनी लस घेतली, 100 जणांची राहिली. समजा लस धोका दहापट कमी करते. लस न घेतलेल्या 100 बाळांपैकी 10 आजारी पडली, तर घेतलेल्या 900 पैकी 9 पडतील. दवाखान्यात एकूण 19 मुलं आली आणि त्यातली जवळजवळ निम्मी लस घेतलेली!

खाटा मोजल्या तर वाटतं, लसीचा उपयोग नाही. घरं मोजली तर कळतं, की शंभरात दहा आणि शंभरात एक एवढा हा फरक आहे. शिवाय 900 बाळांना लस नसती तर त्यातली 90 आजारी पडली असती, पडली फक्त 9. घरी खेळत असलेली ती 81 मुलं कुणालाच दिसत नाहीत, कारण जे घडलं नाही त्याची खाट नसते.

हाच चकवा धोक्याच्या कारणांबाबतही पडतो. समजा लसीआधी 100 मुलं गंभीर आजारी पडत. त्यात 90 एरवी निरोगी होती आणि 10 जणांना आधीपासून काही मोठा आजार होता. लसीने निरोगी मुलांमधले 80 आजार टाळले, तर आधीच आजारी असलेल्यांमधले फक्त 4. आता उरली 16 मुलं, त्यात 6 आधीपासून आजारी. दहा टक्क्यांचा वाटा साडेसदतीस टक्क्यांवर गेला! लसीने त्या मुलांचं नुकसान केलेलं नाही, त्यांच्यातलेही चार आजार टाळले. पण ढीग उडाला आणि खडे दिसू लागले. लस आल्यानंतर अनेक देशांच्या नोंदींमध्ये असंच चित्र दिसलं आहे: एकूण मुलं खूप कमी झाली, पण उरलेल्यांत जन्मजात किंवा जुने आजार असणाऱ्यांचा वाटा वाढला.

पहिला खडा: वय आणि अर्धवट डोस

आईची प्रतिपिंडं गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जातात आणि जन्मानंतर काही महिन्यांत विरतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ही शिदोरीच कमी मिळते. दुसरीकडे, लसीचं शिक्षण एका डोसात पुरं होत नाही. आपल्याकडे दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर बूस्टर, असे तीन डोस आहेत. शिदोरी संपत आलेली आणि शिक्षण पुरं झालेलं नाही, असा हा मधला काळ सर्वात नाजूक. म्हणून 'सर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू' हे वाक्य महाग पडतं. साध्या सर्दीत लस देता येते. कामासाठी गाव सोडणाऱ्या, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत नेमका नवव्या महिन्याचा डोस राहून जाण्याची भीती असते. कार्ड बरोबर असेल तर तो दुसऱ्या गावातही मिळतो, आणि राहिला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

दुसरा खडा: शरीराची गाळणी

पोटात डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते. ती रक्ताची गाळणी. कवचधारी जंतू रक्तात शिरले की त्यांना अडवण्याचं मोठं काम तीच करते. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, प्लीहेच्या बारीक वाटांत अडकतात आणि हळूहळू ही गाळणीच निकामी होते. मूल वरून धडधाकट दिसतं, पण जंतू रक्तात शिरला तर काही तासांत जिवावर बेततं.

इथे औषधाचा इतिहास मोठा दिलासा देणारा आहे. 1986 साली अमेरिकेत सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलीनची गोळी देऊन पाहिली. गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका ठळक होता की प्रयोग ठरल्यापेक्षा लवकर थांबवला गेला. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा खडा आपल्या घरातला आहे. 2023 साली मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीवर भर आहे. तपासणीत नाव निघालं की त्या मुलाची पीसीव्ही पूर्ण झाली का, पेनिसिलीन सुरू आहे का आणि दोन वर्षांनंतरची जास्त प्रकारांची लस द्यायची का, हे प्रश्न त्याच दिवशी विचारले गेले पाहिजेत.

प्लीहा काढलेली मुलं, एचआयव्ही असलेली, मूत्रपिंडातून प्रथिनं जाणारी, हृदयाचा जन्मजात दोष असलेली मुलंही याच रांगेत येतात. कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांमध्ये या जंतूचा मेंदूज्वर सर्वसाधारण मुलांच्या 30 पटींहून जास्त आढळल्याचं 2003 साली अमेरिकेत दिसलं. इम्प्लांटच्या एका विशिष्ट जुन्या रचनेत धोका अधिकच होता. म्हणून शस्त्रक्रियेआधी लस पूर्ण करून घेतात. ऐकू यावं म्हणून केलेल्या उपायातून धोका येऊ नये, यासाठी ही काळजी महत्त्वाची ठरते.

तिसरा खडा: आधी येणारा विषाणू

नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या वाटेवर अतिसूक्ष्म केसांचा गालिचा असतो. तो चिकट कफाबरोबर जंतूंना सतत वर ढकलत राहतो. फ्लूचा विषाणू हा गालिचाच फाडतो. मग नाकातला भाडेकरू विनाअडथळा खाली उतरतो. 1918 च्या साथीत बहुतेक मृत्यू फ्लूमागोमाग आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. गोवर तर प्रतिकारशक्तीची जुनी आठवणच पुसतो.

कोविडच्या काळात याचा एक विलक्षण पुरावा मिळाला. इस्राएलमध्ये 2020 मध्ये मुलांमधला न्यूमोकॉकसचा आजार एकदम घटला. वाटलं, मुलं घरी बसली म्हणून जंतूच पसरला नसेल. पण मुलांची नाकं तपासली तर जंतू जवळपास पहिल्याइतकाच होता. गायब झाले होते ते फ्लू आणि आरएसव्हीसारखे श्वसनाचे विषाणू. ते परतले तसा आजारही परतला. म्हणजे गोवराची लस, आणि बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांनंतर सुचवतात ती फ्लूची लस, या अप्रत्यक्षपणे न्यूमोनियावरच्याही लसी आहेत.

चौथा खडा: घरातला नळ आणि चूल

अलास्का हा अमेरिकेचा उत्तरेकडचा बर्फाळ प्रांत. तिथल्या मूळ रहिवाशांच्या बाळांमध्ये हा आजार जगात सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी होता. सात प्रकारांची लस आली आणि त्या प्रकारांचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. मग 2004 नंतर उलट्या दिशेने काही घडू लागलं. लसीत नसलेल्या प्रकारांचा आजार दुपटीहून अधिक वाढला. रिकाम्या झालेल्या खोलीत दुसरा भाडेकरू आला होता. 2010 मध्ये तेरा प्रकारांची लस आल्यावर आजार पुन्हा घटला.

पण असं इथेच इतकं ठळकपणे का झालं? संशोधकांनी प्रांताचे भाग तपासले. जिथे अनेक घरांत नळाचं पाणी नव्हतं, तिथे आजार जास्त होता. पाणी दुरून वाहून आणावं लागलं की ते आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला जातं. हात धुणं, बाळाचं नाक पुसलेलं फडकं धुणं मागे पडतं. त्यातच लहान घर आणि खूप माणसं. डोक्यावरून हंडे आणणाऱ्या आपल्या पाड्यांतल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. लस त्या घरातही पोहोचली होती, नळ पोहोचला नव्हता.

चुलीच्या धुराचंही तसंच. धूर तोच गालिचा खराब करतो जो फ्लू फाडतो. पण इथे प्रामाणिक राहायला हवं. भारतासह चार देशांतल्या एका मोठ्या प्रयोगात घरांना गॅसची शेगडी दिली, धूर खूप घटला, तरी बाळांच्या गंभीर न्यूमोनियात स्पष्ट घट दिसली नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नाही. खडे एकमेकांना चिकटून असतात, एवढंच यातून दिसतं. कमी वजन, अपुरं स्तनपान, कुपोषण, दाटी आणि धूर एकाच घरात एकत्र राहतात. एकच उचलला तर बाकीचे जागेवरच राहतात.

चौकट: घरात लिहून ठेवावं असं

- पीसीव्हीचे तीन डोस: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने पूर्ण झाल्यावर. राहिला असेल तर लवकरात लवकर घ्या.
- बाळाला पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान.
- सिकलसेल, प्लीहा काढलेली, एचआयव्ही, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, कॉक्लिअर इम्प्लांट: बालरोगतज्ज्ञांना जादा लसींबद्दल आवर्जून विचारा.
- बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असतील तर दवाखाना गाठा.
- पोट उडणं, बरगड्यांखाली खळगा पडणं, दूध न ओढणं, झटके, न उठणारी गुंगी: एक तासही थांबू नका.
- सिकलसेल असलेल्या मुलाचा ताप ही नेहमीच तातडीची गोष्ट.

दोन खाटांकडे परत

कार्डाच्या सगळ्या चौकटी भरलेल्या त्या आईला आता सांगता येईल: ताई, तुमचं काही चुकलं नाही. लसीत नसलेला एखादा प्रकार असेल, आधी येऊन गेलेला फ्लू असेल, किंवा अजून न तपासलेला एखादा आजार असेल. तो आपण शोधू, कारण तो सापडला तर पुढचा आजार टाळता येईल. शिवाय नेहमीच्या अनेक प्रकारांपासून तुमच्या बाळाला आजही संरक्षण आहे.

आणि शेजारच्या आईला: ताई, खाटा मोजू नका. तुमच्या गल्लीत खेळणारी पोरं मोजा. बाळ बरं झालं की घरी जायच्या आधी राहिलेल्या चौकटींच्या तारखा नर्सबाईंकडून कार्डावर लिहून घ्या.

लसीने पाखडण्याचं काम चोख केलं आहे. निवडण्याचं काम मात्र यंत्राने होत नाही. त्याला डोळे लागतात, बोटं लागतात, आणि सूप मांडीवर घेऊन बसायला वेळ लागतो. कार्ड उलगडून पाहणारी आशाताई, तपासणीतलं नाव लसीच्या यादीशी जोडणारा आरोग्य अधिकारी, पाड्यावर नळ नेणारी ग्रामपंचायत ही सगळी निवडणारी माणसं आहेत. आता उरलेले खडे मोजके आहेत आणि ते कुठे आहेत हेही माहीत आहे. म्हणूनच ते ताटात येऊ देण्याला आता सबब नाही.